‘ए’ की ‘द’? : इंग्रजी उपपदांचा रोकडा व्यवहार

शंभर रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या स्वाक्षरीवर एक वचन छापलेले असते. हिंदीत ते ‘मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ’ असे आहे आणि इंग्रजीत ‘आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज’ असे. दोन्ही भाषांतील वचन एकच, रक्कम एकच, स्वाक्षरीही एकच. तरी इंग्रजी वाक्यात ‘द’ दोनदा आला आहे आणि हिंदी वाक्यात त्याच्यासाठी एकही स्वतंत्र शब्द नाही.

‘द बेअरर’ याऐवजी ‘ए बेअरर’ छापले असते तर काय बिघडले असते? बरेच बिघडले असते. ‘ए बेअरर’ म्हणजे कोणीतरी एक धारक. तो कोण, हे मोकळेच राहिले असते. ‘द बेअरर’ म्हणजे ही नोट ज्या क्षणी ज्याच्या हाती आहे तोच. त्याचे नाव रिझर्व्ह बँकेला ठाऊक नाही आणि असण्याची गरजही नाही. नाव अज्ञात असले तरी व्यक्ती निश्चित आहे. ‘द’ या उपपदाचे सारे मर्म या एका ओळीत आहे. ‘द’ म्हणजे प्रसिद्ध नव्हे, मोठाही नव्हे. ‘द’ म्हणजे कोणता ते ठरलेला.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील व्यापारी कुटुंबांत आज बहुधा तीन पिढ्यांचे इंग्रजी एकत्र नांदते. आजोबांचे इंग्रजी पेढीवरच्या पत्रव्यवहारातून आलेले. मुलाचे व सुनेचे मराठी किंवा गुजराती माध्यमाच्या शाळेतून आलेले. नातवंडांचे इंग्रजी माध्यमातले. शब्दसंग्रह तिघांकडेही पुरेसा असतो, काळही बहुधा जमतात. अडते ते या एका-दोन अक्षरांच्या शब्दांपाशी. नातू जेवताना आजोबांचे वाक्य मध्येच दुरुस्त करतो, सून पालकसभेत बोलण्याचे टाळते आणि परदेशी ग्राहकाला पाठवायचे पत्र ‘कोणीतरी बघून देईल’ म्हणून दोन दिवस पडून राहते. इंग्रजीत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द ‘द’ हाच असल्याने हा अडसर जवळजवळ प्रत्येक वाक्यात भेटतो. म्हणून त्याचा एकदा नीट हिशेब मांडलेला बरा.

मराठीत शब्द नाही, विचार आहे

मराठी व्याकरणाने शब्दांच्या आठ जाती मानल्या. त्यांत उपपदाला जागा नाही. गुजराती, मारवाडी, हिंदी या भाषांतही नाही. संस्कृत, लॅटिन, रशियन आणि जपानी या भाषांचेही उपपदांवाचून काही अडले नाही. तेव्हा ही काही एका समाजाची उणीव नव्हे.

मात्र निश्चित आणि अनिश्चित यांतील भेद मराठी माणूस दिवसभर करीत असतो. ‘तिजोरीत चेक आहे’ आणि ‘चेक तिजोरीत आहे’ ही दोन वाक्ये पाहावीत. शब्द तेच, क्रम तेवढा बदलला. पहिल्या वाक्यात एखाद्या चेकची बातमी आहे, म्हणून तो इंग्रजीत ‘ए चेक’. दुसऱ्या वाक्यातील चेक ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, तो कुठे आहे एवढेच सांगितले आहे, म्हणून ‘द चेक’.

दुसरे साधन ‘ला’ या प्रत्ययाचे. ‘दुकानदार गिऱ्हाईक शोधतो आहे’ म्हणजे कोणीही चालेल, ‘ए कस्टमर’. ‘दुकानदार गिऱ्हाइकाला शोधतो आहे’ म्हणजे छत्री विसरून गेलेले ते विशिष्ट गिऱ्हाईक, ‘द कस्टमर’. ‘मुलगी पाहायला गेले’ आणि ‘मुलीला पाहायला गेले’ यांतील अंतर तर विवाहयोग्य मुले असलेल्या प्रत्येक घराला समजते.

तिसरे साधन संख्येचे. ‘तीन गाठी’ आणि ‘तिन्ही गाठी’, ‘दोन भागीदार’ आणि ‘दोन्ही भागीदार’. ‘तिन्ही’ म्हटले की एकूण तीनच आणि त्या कोणत्या हे ठरलेले. इंग्रजीतील ‘द थ्री’ जवळजवळ हेच काम करते.

या शब्दांचे मूळ पाहिले तर दुरावा आणखी कमी होतो. ‘ए’ आणि ‘ॲन’ हे ‘एक’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून झाले. ‘द’ हा ‘तो, ते’ या अर्थाच्या दर्शक सर्वनामापासून झाला. आजी गोष्ट सांगते तेव्हा म्हणते, ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ प्रथम उल्लेख ‘एक’ने, पुढचा ‘त्या’ने. इंग्रजी गोष्टीतही प्रथम ‘ए किंग’ आणि मग ‘द किंग’. आजीला उपपदांचा नियम कोणी शिकवलेला नसतो.

मग चूक कोठून येते?

मुंबईत इंग्रजी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. गिरगावातील विल्सन हायस्कूलचा आरंभ १८३२ सालचा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. जैन समाजातील प्रेमचंद रायचंद हे इंग्रजी लिहू-वाचू शकणारे पहिले देशी दलाल म्हणून ओळखले जातात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापाराला जी तेजी आली, तिच्यात त्यांना या भाषेचा किती उपयोग झाला असेल हे सांगायला नको. विद्यापीठाच्या आवारातील, त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर त्यांच्या मातोश्रींच्या नावाने आजही उभा आहे. पुढे १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालवल्या. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली.

या दीर्घ काळात बहुतेकांनी इंग्रजी शिकले ते भाषांतराच्या वाटेने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या. ही पद्धत गुणकारी होती, परंतु तिच्यात एक अडचण अंगभूत आहे. मराठी शब्दाला इंग्रजी शब्द शोधत जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ‘द’ लागतच नाही, कारण मराठी वाक्यात त्याच्या जागी शब्दच नसतो. तो भेद क्रमात, प्रत्ययात किंवा संदर्भात दडलेला असतो.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत आणखी एका सवयीची भर पडली, ती तारेची. तारेचे शुल्क शब्दांवर आकारले जाई. तेथे ‘द’ लिहिणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ‘माल रवाना, बिल पोस्टाने’ या थाटाचे उपपदहीन इंग्रजी तारेत शोभतही असे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ते इंग्रजी ई-मेलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर मागे राहिले. आता शब्दाला पैसे पडत नाहीत. गाळलेल्या शब्दाला मात्र कधी कधी पडतात.

पत्रातील ‘द’ आणि पैशाचा प्रश्न

समजा, हिंदमाता परिसरातील एका कापड व्यापाऱ्याकडे दहा गाठी आल्या आणि त्यांतील तीन भिजलेल्या निघाल्या. त्याने विमा कंपनीला लिहिले, ‘थ्री बेल्स वेअर वेट’. अर्थ स्पष्ट आहे. तीन गाठी भिजल्या होत्या. त्याऐवजी ‘द थ्री बेल्स वेअर वेट’ लिहिले तर वाचणारा विचारील, कोणत्या तीन? आधी कळवल्या होत्या त्या की एकूण तीनच होत्या? आणि ‘द गुड्स वेअर डॅमेज्ड’ असे लिहिले तर सगळाच माल खराब झाला असा अर्थ निघतो. पाहणीस आलेल्या माणसाला सात गाठी कोरड्या सापडल्या की मूळ पत्रावरचा विश्वास उडतो. सांगणारा खरे सांगत असतो, पण त्याचे वाक्य खरे सांगत नसते.

पावतीचेही तसेच आहे. ग्राहकाने एक लाखाच्या बिलापोटी चाळीस हजार दिले. ‘रिसीव्हड ए पेमेंट टुवर्ड्स द बिल’ म्हटले तर बिलापोटी एक रक्कम आली, बिल अजून उभे आहे, हे कळते. ‘रिसीव्हड द पेमेंट ऑफ द बिल’ म्हटले तर बिल चुकते झाले असे समोरचा म्हणू शकतो. रक्कम आणि ‘पार्ट पेमेंट’ हे शब्द स्पष्ट लिहिणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. पण ‘ए’ आणि ‘द’ यांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे.

वसुलीच्या संदर्भात तर ‘ए’ असण्या-नसण्याने आशा आणि निराशा ठरते. ‘देअर इज लिटल होप ऑफ पेमेंट’ म्हणजे पैसे येण्याची आशा जवळजवळ नाही. ‘देअर इज ए लिटल होप ऑफ पेमेंट’ म्हणजे थोडी तरी आशा आहे. ‘वी हॅव फ्यू ऑर्डर्स’ म्हणजे मागणी फार कमी, ‘वी हॅव ए फ्यू ऑर्डर्स’ म्हणजे काही मागण्या हातात आहेत. यांतील पहिले वाक्य बँकेच्या कर्जविभागाकडे चुकून गेले तर चालत्या धंद्यावर मंदीची छाया पडेल.

माणसांच्या बाबतीतही भान ठेवावे. भागीदारीला किमान दोघे लागतात, म्हणून व्यापारी स्वतःला पेढीचा ‘ए पार्टनर’ म्हणवतो. एकट्याची मालकी असेल तर ‘द प्रोप्रायटर’. ‘ही इज द सन’ म्हटल्यास एकुलता एक मुलगा असा ग्रह होऊ शकतो. वारसाच्या कागदांत ‘द ओन्ली सन’ की ‘वन ऑफ द टू सन्स’, हे स्पष्टच लिहावे. पुढे भावंडांत शंका राहत नाही.

‘ए’ की ‘ॲन’ : देवनागरीची कसोटी

‘ए’ आणि ‘ॲन’ यांतील निवड इंग्रजी अक्षरावर नसून उच्चारावर असते, हे सर्वांनी शाळेत वाचलेले असते. तरी परीक्षेत गोंधळ होतोच, कारण रोमन लिपीतील स्पेलिंग उच्चाराशी प्रामाणिक नसते. देवनागरी असते. म्हणून सोपा उपाय असा, की इंग्रजी शब्द मनात देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘ए’.

‘अवर’ म्हणजे तास. देवनागरीत आरंभी ‘अ’, म्हणून ‘ॲन अवर’. ‘ऑनेस्ट’, आरंभी स्वर, म्हणून ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. वारस या अर्थाचा ‘एअर’, म्हणून ‘ॲन एअर’. उलट ‘युनिट’ हा ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘ए युनिट’. ‘वन’ हा ‘व’ने सुरू होतो, म्हणून ‘ए वन-रुपी नोट’.

संक्षिप्त रूपांत ही कसोटी विशेष उपयोगी पडते. ‘ए फिक्स्ड डिपॉझिट’, पण ‘ॲन एफ. डी.’. ‘ए हिंदू अनडिव्हायडेड फॅमिली’, पण ‘ॲन एच. यू. एफ.’. ‘ए लेटर ऑफ क्रेडिट’, पण ‘ॲन एल. सी.’. मात्र ‘ए यू. पी. आय. पेमेंट’ आणि ‘ए जी. एस. टी. नंबर’. एकच सावधगिरी. वर्ष या अर्थाचा शब्द मराठीत पुष्कळदा ‘इयर’ असा लिहिला जातो. त्याचा खरा उच्चार ‘यिअर’ आहे, म्हणून ‘ए यिअर’. ‘ॲन इअर’ म्हणजे कान.

‘द’चा उच्चारही याच नियमाने चालतो. व्यंजनापूर्वी ‘द बिल’, स्वरापूर्वी ‘दि ऑर्डर’. मराठी पाट्यांवर सहकारी संस्थांच्या नावांआधी मात्र सरसकट ‘दि’ लिहिण्याचा प्रघात पडला आहे. नोंदणीकृत नावातच ते उपपद असेल तर चेकवर आणि करारावर ते नाव जसेच्या तसे लिहावे. तेथे व्याकरण चालवू नये.

नग की वजन?

‘ए’ म्हणजे मुळात ‘एक’, म्हणून तो मोजता येणाऱ्या वस्तूपुढेच येतो. व्यापाऱ्याला हा भेद नव्याने शिकावा लागत नाही. नगाने विकला जाणारा माल आणि वजनामापाने विकला जाणारा माल, असे दोन प्रकार त्याच्या वहीत असतातच. ‘ए चेअर’, ‘ए बॉक्स’ हे नग. ‘शुगर’, ‘राइस’, ‘गोल्ड’ हे वजनाचे, त्यांच्यापुढे ‘ए’ नाही.

अडचण एवढीच, की इंग्रजीने काही नगांनाही वजनाच्या खात्यात टाकले आहे. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’ हे त्यांतले प्रमुख. ‘ए फर्निचर’ नाही, ‘ए पीस ऑफ फर्निचर’. सल्ला या अर्थाने ‘ॲन ॲडव्हाइस’ चुकीचे. परंतु बँकेकडून येणारी नोंदीची सूचना या अर्थाचा ‘ॲडव्हाइस’ कागद असल्याने मोजला जातो आणि तेथे ‘ए डेबिट ॲडव्हाइस’ योग्य ठरते.

काही शब्दांचा अर्थच ‘ए’ लागताच बदलतो. ‘क्लॉथ’ म्हणजे कापड, ‘ए क्लॉथ’ म्हणजे पुसायचे फडके. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, ‘ॲन आयर्न’ म्हणजे इस्त्री. गुलालवाडीच्या धातुबाजारात पहिल्याची चौकशी करावी आणि लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात दुसऱ्याची.

नावांपुढचा ‘द’

विशेषनाम स्वतःच निश्चित असते, म्हणून त्याला ‘द’ची गरज नसते. मुंबई, दादर, परळ, दिवाळी, पर्युषण यांच्यापुढे उपपद येत नाही. समुद्र, नद्या, पर्वतरांगा यांच्यापुढे ‘द’ येतो, जसे ‘दि अरेबियन सी’. ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ला उपपद नाही, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ला आहे, कारण ‘ऑफ’ने जोडलेल्या अशा नावांत ‘द’ सामान्यतः येतो. ‘गो टू स्कूल’ म्हणजे शिकायला जाणे, ‘गो टू द स्कूल’ म्हणजे काही कामाने शाळेच्या इमारतीत जाणे. मंदिराला मात्र ही सवलत नाही. रोज दर्शनाला गेले तरी ‘गो टू द टेम्पल’ असेच म्हणावे लागते.

गुण, भाव आणि सर्वसाधारण विधाने यांपुढे ‘द’ लावण्याचा मोह टाळावा. ‘द पेशन्स इज इम्पॉर्टंट’ असे नाही, नुसते ‘पेशन्स इज इम्पॉर्टंट’. ‘ट्रेडर्स कीप अकाउंट्स’ म्हणजे व्यापारी हिशेब ठेवतात. ‘द ट्रेडर्स’ म्हटले की ते विशिष्ट व्यापारी झाले.

तीन प्रश्न

हे सारे लक्षात ठेवणे अवघड वाटल्यास नामापुढे थांबून तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला : कोणता, हे वाचणाऱ्याला ठरलेले आहे का? असेल तर ‘द’, मग ती वस्तू एक असो वा अनेक, नग असो वा वजनाची. दुसरा : नसेल, तर तो एकच नग आहे का? असेल तर ‘ए’ किंवा ‘ॲन’. तिसरा : दोन्ही नसेल तर काहीच लावू नये. विशेषनामे आणि रूढ प्रयोग वगळता बहुतेक वाक्ये या क्रमाने सुटतात.

पहिल्या प्रश्नातील ‘वाचणाऱ्याला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चुका बहुधा येथेच होतात. लिहिणाऱ्याला कोणता चेक ते ठाऊक असते, म्हणून तो ‘द चेक’ लिहितो आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. उपपद निवडणे म्हणजे क्षणभर समोरच्याच्या गादीवर बसून पाहणे. गिऱ्हाइकाच्या मनातले ओळखणाऱ्या दुकानदाराला ही गोष्ट जमण्यासारखी आहे.

बोलताना इतकी चिकित्सा नको. ‘ए’ राहिला, ‘द’ जास्त झाला, तरी समोर बसलेल्या माणसाला आशय कळतो. सूनबाईंनी पालकसभेत निःसंकोच बोलावे आणि नातवाने आजोबांचे वाक्य पुरे होऊ द्यावे. काळजी घ्यायची ती कागदावर, जेथे वाचणारा उलट विचारू शकत नाही आणि जेथे वाक्य पुढे पुरावा ठरते.

बँकेत व्यवहार एकाने नोंदवायचा आणि दुसऱ्याने तपासायचा असा दंडक असतो. घरातही तो पाळता येईल. आजोबांनी पत्राचा मजकूर सांगावा, नातवाने लिहावा आणि प्रत्येक नामापाशी विचारावे, ‘कोणता?’ नातवाला नियम येतो, पण गाठी एकूण किती होत्या, बिल कोणते होते आणि ग्राहकाला आधी काय कळवले होते, हे त्याला माहीत नसते. संगणकावरच्या दुरुस्तीयंत्रणेलाही ते माहीत नसते. ‘थ्री बेल्स’ आणि ‘द थ्री बेल्स’ ही दोन्ही वाक्ये व्याकरणाने शुद्धच आहेत. त्यांतले खरे कोणते, हे गोदामात जाऊन गाठी मोजणाऱ्यालाच सांगता येते.